घरातल्या प्रिंटरला आणि कॅमेऱ्यांना कायमचा आयपी पत्ता कसा द्यावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीतलं घर, फायबरचं कनेक्शन. घरात एक वायफाय प्रिंटर, चार कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डबा म्हणजे डीव्हीआर, आणि फायली ठेवायला वापरात असलेला एक जुना कॉम्प्युटर. वीज जाऊन आली की कधी प्रिंटर 'ऑफलाइन' दिसतो, कधी घरात बसूनही मोबाइलवर डीव्हीआर उघडत नाही, कधी कॉम्प्युटरचं शेअर केलेलं फोल्डर सापडत नाही. इंटरनेट कंपनीच्या माणसाने सुचवलं, 'स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा पत्ता घ्या, महिन्याला थोडे जास्त पडतील.' तो घ्यावा का, आणि घेतला तर बसवायचा कसा?

पैसे सध्या भरू नका. तुमची अडचण घराच्या आतली आहे, आणि कंपनी जो स्टॅटिक आयपी विकते तो घराच्या बाहेरचा असतो. तो घेतलात तरी प्रिंटर आहे तसाच ऑफलाइन होत राहील. आतले पत्ते कायम करायला एक रुपयाही लागत नाही, ते काम तुमच्या राऊटरमध्येच होतं. बाहेरच्या पत्त्याची गरज काही घरांना खरोखर पडते, त्याबद्दल शेवटी लिहितो.

आधी वीज गेल्यावर काय होतं ते पाहू, कारण ते कळलं की पुढचं सगळं सोपं जातं. घरातलं कुठलंही उपकरण चालू झालं की ते नेटवर्कवर हाक मारतं, 'मला पत्ता द्या'. पत्ता म्हणजे आयपी पत्ता, नेटवर्कवर ते उपकरण ओळखायचे आकडे. राऊटरमधला पत्ते वाटणारा भाग, म्हणजे डीएचसीपी सर्व्हर, त्याच्याकडच्या साठ्यातला एखादा मोकळा पत्ता त्याला देतो, पण ठरावीक मुदतीपुरता. कुठल्या राऊटरमध्ये ही मुदत दोन तासांची असते, कुठे चोवीस तासांची. निम्मी मुदत संपली की उपकरण ती वाढवून मागतं आणि राऊटर वाढवून देतो, त्यामुळे एरवी महिनोन् महिने पत्ता तोच राहतो आणि तो कायमचाच आहे असा आपला समज होतो. घरगुती राऊटरपैकी बरेचसे ही वाटपाची यादी फक्त चालू मेमरीत ठेवतात. वीज गेली की यादी पुसली जाते. वीज आल्यावर राऊटर कोऱ्या पाटीने उठतो आणि त्याच वेळी फोन, टीव्ही, प्रिंटर, डीव्हीआर सगळे एकदम पत्ता मागायला येतात. पुष्कळ उपकरणं आपला जुना पत्ता लक्षात ठेवून तोच परत मागतात आणि तो मोकळा असेल तर त्यांना मिळतोही. म्हणून हा घोळ दर वेळी होत नाही, अधूनमधून होतो, आणि म्हणूनच त्याचं कारण लवकर सापडत नाही. ज्या दिवशी एखादा फोन प्रिंटरच्या आधी पोचतो आणि प्रिंटरचा पत्ता उचलतो, त्या दिवशी प्रिंट अडकते.

लॅपटॉपवरून प्रिंट अडकलेली असताना फोनवरून ती व्यवस्थित निघते, हे तुम्ही कदाचित पाहिलं असेल. फोन प्रिंटरला दर वेळी नावाने शोधतो. विंडोजमध्ये मात्र प्रिंटर बऱ्याचदा पत्त्याच्या पोर्टवर, म्हणजे एका ठरलेल्या आयपी पत्त्यालाच, जोडलेला असतो, तो जुन्याच पत्त्यावर पानं पाठवत राहतो. प्रिंटर बिघडलेला नसतो आणि ड्रायव्हरही नीट असतो, तरी लोक ड्रायव्हर पुन्हा पुन्हा टाकत बसतात.

काही हात लावण्याआधी एक तपासणी करा. प्रिंटरच्या मेनूतून नेटवर्कच्या माहितीचं पान छापून घ्या. जवळपास सगळ्या वायफाय प्रिंटरमध्ये ही सोय असते. त्यावरचा आयपी पत्ता आधीपेक्षा वेगळा दिसला तर वर सांगितलेलंच घडलं आहे. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर प्रिंटरला पत्ता मिळालाच नाही आणि त्याने स्वतःच एक तात्पुरता घेतला. सगळे शून्य दिसले तर प्रिंटर वायफायला जोडलेलाच नाही, आणि मग पत्ता कायम करून काही उपयोग नाही, आधी वायफायच बघावं लागेल. ही तीन दुखणी वेगवेगळी आहेत आणि तिघांनाही 'ऑफलाइन' हे एकच नाव पडतं.

आता मूळ काम. पत्ता कायम करायचे दोन मार्ग आहेत. एक, उपकरणाच्या सेटिंगमध्ये जाऊन पत्ता हाताने भरायचा. कॅमेरे बसवणारी मंडळी 'आयपी फिक्स करून टाका' म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात बहुधा हेच असतं. दोन, उपकरणाला हात न लावता राऊटरमध्ये लिहून ठेवायचं की हा प्रिंटर आला की याला हाच पत्ता द्यायचा. याला रिझर्व्हेशन म्हणतात. पहिला मार्ग म्हणजे एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणं: रुमाल तुम्ही टाकलात, पण कंडक्टरच्या यादीत तुमचं नाव नाही, त्यामुळे तो तीच जागा दुसऱ्याला देऊ शकतो. दुसरा मार्ग आरक्षणाचा. नाव यादीतच लागलेलं असतं.

माझं मत या बाबतीत ठाम आहे. घरात शक्य तिथे रिझर्व्हेशनच करावं आणि हाताने भरलेला पत्ता अपवाद म्हणून ठेवावा. कारण असं की सगळ्या पत्त्यांचा हिशेब एकाच ठिकाणी असला तरच तो दोन वर्षांनी तुम्हाला किंवा तुमच्या जागी बसलेल्या दुसऱ्या कोणाला वाचता येतो. मी ज्या घरांत गोंधळ निस्तरायला जातो तिथे बहुतेक वेळा एक पत्ता डीव्हीआरमध्ये लिहिलेला असतो, एक प्रिंटरमध्ये, एक लॅपटॉपमध्ये, आणि राऊटरला यातलं काहीच माहीत नसतं. मग इंटरनेट कंपनी बदलते. जुन्या राऊटरचे पत्ते १९२.१६८.१ ने सुरू होत होते, नवा आला जिओफायबरचा, त्याचे १९२.१६८.२९ ने होतात. ज्यांना रिझर्व्हेशन होतं ती उपकरणं नव्या राऊटरकडून नवा पत्ता घेऊन निमूट चालू लागतात, फक्त रिझर्व्हेशन पुन्हा लिहावं लागतं. हाताने पत्ता भरलेला डीव्हीआर मात्र जुन्याच पत्त्यावर बसून राहतो आणि नव्या नेटवर्कमधून कोणालाच दिसत नाही. त्याला टीव्ही आणि माउस जोडून, पासवर्ड आठवून, पत्ता बदलावा लागतो. तो पासवर्ड बसवणाऱ्याकडे असतो, आणि बसवणारा फोन उचलत नाही.

राऊटर उघडायचा कसा? विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग (ipconfig) ही कमांड दिली की 'डिफॉल्ट गेटवे' असं लिहिलेला पत्ता दिसतो, तोच तुमचा राऊटर. अँड्रॉइड फोनवर जोडलेल्या वायफायच्या तपशिलात तो 'गेटवे' नावाने सापडतो. बहुतेक घरांत तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, जिओफायबरच्या घरांत १९२.१६८.२९.१. ब्राउझरच्या वरच्या पट्टीत तो आकड्यांत टाइप करा. युजरनेम आणि पासवर्ड राऊटरच्या खालच्या लेबलवर असतात. अजून तेच चालू असतील तर आत गेल्यावर पहिलं काम ते बदलण्याचं.

आत गेल्यावर लॅन (म्हणजे घरातलं नेटवर्क) किंवा डीएचसीपी या नावाचं पान शोधा. प्रत्येक कंपनी हीच सोय वेगळ्या नावाने ठेवते. टीपी-लिंकमध्ये 'ॲड्रेस रिझर्व्हेशन', आसुसमध्ये 'मॅन्युअल असाइनमेंट', ओपनडब्ल्यूआरटी या राऊटरच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये 'स्टॅटिक लीजेस', आणि फायबर कंपन्या देतात त्या डब्यांमध्ये बऱ्याचदा 'डीएचसीपी बाइंडिंग' किंवा 'डीएचसीपी स्टॅटिक आयपी'. त्याच पानावर सध्या कोणाला कुठला पत्ता दिला आहे त्याची यादी असते. तिचा आधी फोटो काढून ठेवा.

रिझर्व्हेशनला दोन गोष्टी लागतात: उपकरणाचा मॅक पत्ता आणि तुम्ही त्याला देणार तो आयपी. मॅक म्हणजे उपकरणाच्या नेटवर्कच्या भागाला कारखान्यातच मिळालेला क्रमांक, दोन-दोन अक्षरांच्या सहा जोड्यांचा. प्रिंटरचा छापलेल्या पानावर सापडेल, डीव्हीआरचा त्याच्या नेटवर्क मेनूत, कॉम्प्युटरचा आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल (ipconfig /all) या कमांडमध्ये 'फिजिकल ॲड्रेस' म्हणून. इथे एक खाचखळगा आहे आणि त्यात बरेच जण अडकतात. ज्या उपकरणाला वायफायही आहे आणि केबलचं पोर्टही, त्याला दोन वेगळे मॅक असतात. वायफायचा मॅक लिहिला आणि प्रिंटर केबलवर चालू असला तर रिझर्व्हेशन कधीच लागू होणार नाही, आणि राऊटर चूकही दाखवणार नाही. उपकरण ज्या वाटेने जोडलेलं आहे त्याच वाटेचा मॅक घ्यायचा. मध्ये वायफाय एक्स्टेंडर असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा: काही एक्स्टेंडर मागच्या उपकरणांचा मॅक बदलून पुढे पाठवतात. अशा वेळी उपकरणावर छापलेला मॅक न घेता राऊटरच्या यादीत जो दिसतो तोच घ्यावा.

आयपी निवडताना साठ्याची हद्द बघा. काही राऊटर १०० ते १९९ एवढेच शेवटचे आकडे वाटतात, काही २ ते २५४ सगळेच. दुसऱ्या प्रकारचा असेल तर मी साठा १०० ते २०० करून टाकतो आणि खालचे आकडे माझ्या हातात ठेवतो. काही राऊटरना रिझर्व्हेशन साठ्याच्या आतलंच हवं असतं, बाहेरचा आकडा टाकला तर ते सरळ नकार देतात. तसं झालं तर साठ्यातलाच एखादा द्या, चालतो, कारण तो आरक्षित झाल्यावर राऊटर दुसऱ्याला देत नाही. तुमच्या घरासाठी मी असं ठेवलं असतं: कॉम्प्युटरला १९२.१६८.१.१०, प्रिंटरला १९२.१६८.१.२०, डीव्हीआरला १९२.१६८.१.३०. दहा-दहाच्या अंतराने ठेवलं की उद्या दुसरा प्रिंटर आला तर तो २१ वर बसतो आणि आकडा बघूनच कळतं की हे काय आहे. राऊटरचे पहिले तीन आकडे वेगळे असतील तर तेच घ्या, फक्त शेवटचा आपला.

सेव्ह करून उपकरणं बंद-चालू करा. नुसतं सेव्ह केल्यावर पत्ता तिथल्या तिथे बदलत नाही, कारण उपकरणाकडे जुन्या पत्त्याची मुदत शिल्लक असते. तुम्ही निवडलेला आकडा त्या क्षणी एखाद्या फोनकडे असेल तर त्या फोनचं वायफायही एकदा बंद-चालू करा. मग वीज जाण्याची वाट न बघता राऊटर स्वतः बंद करून चालू करा आणि तिन्ही पत्ते तपासा. तिन्ही जागेवर असले तर आतलं काम झालं.

प्रिंटरचं एक काम राहतं. विंडोजमध्ये तो जुन्या पत्त्यावर जोडलेला आहे. प्रिंटर प्रॉपर्टीजमध्ये पोर्ट्स या टॅबवर जा, 'ॲड पोर्ट'मधून 'स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट' निवडा आणि नवा पत्ता द्या. तिथे सध्या डब्ल्यूएसडी नावाचा पोर्ट दिसत असेल तर मी तो सोडून हा घेतो. डब्ल्यूएसडी उपकरण आपोआप शोधतो खरं, पण प्रिंटर झोपेतून उठल्यावर तो पुष्कळदा त्याला हरवून बसतो. पत्ता कायम असला की थेट पत्त्याचा पोर्ट जास्त भरवशाचा.

कॉम्प्युटरच्या शेअर केलेल्या फोल्डरमध्ये पत्त्याखेरीज आणखी एक अडसर असतो. राऊटर बदलला की विंडोज ते नवं नेटवर्क समजतं, बऱ्याचदा त्याला 'पब्लिक' ठरवतं आणि शेअरिंग बंद करतं. सेटिंग्जमध्ये नेटवर्कचा प्रकार 'प्रायव्हेट' करा. पत्ता बरोबर असूनही फोल्डर उघडत नसेल तर नव्वद टक्के कारण हेच असतं, असं मी अनुभवावरून सांगतो.

फोनना कायमचा पत्ता द्यायच्या भानगडीत सहसा पडू नका, त्यांना तो लागत नाही. पण मुलांच्या फोनवर वेळेची मर्यादा लावायला काही पालकांना तो हवा असतो. तिथे आडवी येते ती नवी सोय: अँड्रॉइड १० पासून आणि आयफोनवर आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफायला आपला खरा मॅक न सांगता एक बनावट मॅक सांगतो. बाजारातल्या, स्टेशनवरच्या वायफायवर कोणी तुमचा माग काढू नये म्हणून ते केलेलं आहे आणि योग्यच आहे. मॅकच्या पहिल्या जोडीतलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो असा बनावट मॅक आहे असं समजा. घरच्या वायफायपुरती ती सोय फोनच्या त्या वायफायच्या तपशिलात बंद करता येते. बाहेरच्या वायफायसाठी चालूच राहू द्या.

हाताने पत्ता भरणं कुठे बरोबर ठरतं हेही सांगायला हवं. कंपनीने दिलेल्या काही डब्यांमध्ये रिझर्व्हेशनचं पानच नसतं, किंवा ते ग्राहकाच्या लॉगिनला दाखवत नाहीत. काही स्वस्त डीव्हीआर वीज आल्यावर राऊटरच्या आधी उठतात, पत्ता मागतात, उत्तर आलं नाही की १६९.२५४ चा पत्ता घेऊन बसतात आणि पुन्हा नीट मागत नाहीत. तुमच्याकडे रिझर्व्हेशन केल्यावरही वीज आल्यानंतर डीव्हीआर हरवत असेल तर हे कारण असू शकतं आणि तिथे हाताने भरणं हाच इलाज. घरासाठी स्वतःचा डीएनएस सर्व्हर (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारा) चालवणारे लोक त्यालाही हातानेच पत्ता देतात, आणि ते योग्य आहे.

अशा वेळी पत्ता साठ्याच्या बाहेरचाच घ्या, नाहीतर राऊटर तोच पत्ता दुसऱ्या कोणाला देऊन टाकेल आणि दोन उपकरणं एकाच पत्त्यावर भांडत बसतील. चार रकाने भरायचे असतात. आयपी पत्ता, सबनेट मास्क (घरात जवळपास नेहमीच २५५.२५५.२५५.०), गेटवे (म्हणजे राऊटरचा पत्ता) आणि डीएनएस (तिथेही राऊटरचाच पत्ता चालतो). विंडोज ११ मध्ये हे सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, मग इथरनेट किंवा वायफाय, तिथे 'आयपी असाइनमेंट'समोर एडिट आणि मॅन्युअल, अशा वाटेने मिळतं. रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर वापरणाऱ्यांसाठी एक सूचना: त्याच्या सिस्टिमच्या ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या बुकवर्म आवृत्तीपासून तिथे नेटवर्कचं काम नेटवर्कमॅनेजर बघतो, त्यामुळे जुन्या मार्गदर्शनातली डीएचसीपीसीडीची फाइल बदलून काही होत नाही.

गेटवे आणि डीएनएसचे रकाने डीव्हीआरमध्ये बरेच बसवणारे रिकामे किंवा चुकीचे सोडतात. घरात चित्र दिसतं, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. पण गेटवेशिवाय डीव्हीआर बाहेर पडू शकत नाही, आणि डीएनएस नसला तर बाहेरच्या सर्व्हरची नावं त्याला सापडत नाहीत. मग परगावातून ॲप उघडत नाही, आणि त्याहून वाईट म्हणजे डीव्हीआरचं घड्याळ इंटरनेटवरून दुरुस्त होत नाही. ते हळूहळू मागेपुढे सरकत जातं. उद्या चोरी झाली आणि पोलिसांना चित्रण द्यायची वेळ आली तर त्यावरची वेळ चुकीची निघते. हे दोन रकाने नीट भरायला अर्धं मिनिट लागतं.

घरात दोन राऊटर असतील तर हे नक्की बघा. कंपनीचा डबा खालच्या मजल्यावर आणि वर तुम्ही घेतलेला वेगळा राऊटर, हे चित्र अगदी नेहमीचं आहे. वरच्या राऊटरच्या वॅन, म्हणजे इंटरनेटकडच्या, पोर्टात केबल लावली असेल तर त्याने आपलं स्वतंत्र नेटवर्क बनवलेलं असतं. प्रिंटर खालच्या नेटवर्कमध्ये आणि लॅपटॉप वरच्या, मग प्रिंटर आपोआप सापडत नाही, आणि खालच्या लॅपटॉपला तर वरचं काहीच दिसत नाही. वरचा राऊटर ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये टाका, म्हणजे तो फक्त वायफाय पसरवेल, स्वतः पत्ते वाटणार नाही. तो मोड नसेल तर त्याचा डीएचसीपी बंद करा, त्याला खालच्या साठ्याबाहेरचा एक पत्ता हाताने द्या आणि केबल त्याच्या लॅन पोर्टात लावा. डीएचसीपी बंद करायचा विसरून केबल लॅनमध्ये लावली तर एकाच नेटवर्कवर दोन वाटप करणारे होतात आणि ज्याने आधी उत्तर दिलं त्याचा पत्ता उपकरण घेतं. या अवस्थेतल्या घरात काहीही नीट चालत नाही आणि कुठलाही बिघाड दोनदा सारखा दिसत नाही.

आता बाहेरचा पत्ता. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते जगातल्या कोट्यवधी घरांत एकाच वेळी वापरात असतात. १० ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ ने सुरू होणारे आणि १९२.१६८ चे, असे तीन गट खासगी वापरासाठी राखून ठेवल्याचा दस्तऐवज फेब्रुवारी १९९६ चा आहे. इंटरनेटवर हे पत्ते चालत नाहीत. बाहेर जाताना राऊटर घरातल्या सगळ्यांना एका सार्वजनिक पत्त्याआड उभं करतो. कंपनी विकते तो हा सार्वजनिक पत्ता, न बदलणारा.

पण आज पुष्कळ घरांना बदलता का होईना, स्वतःचा सार्वजनिक पत्ताच नसतो. आयपीव्ही४, म्हणजे इथवर पाहिले तशा चार आकड्यांच्या पत्त्यांची पद्धत, तिचे एकूण पत्ते ४२९ कोटींच्या आसपास. जागतिक साठ्यातले शेवटचे मोठे गट ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून संपले आणि आशिया-पॅसिफिकच्या वाट्याची टंचाई त्याच वर्षी एप्रिलमध्ये सुरू झाली. आपल्याकडे घरोघरी फायबर आलं ते त्यानंतर. म्हणून कंपन्या एका सार्वजनिक पत्त्यामागे अनेक ग्राहक ठेवतात. त्याला सीजीनॅट म्हणतात आणि त्यासाठी १००.६४ ते १००.१२७ ने सुरू होणारा पत्त्यांचा गट २०१२ मध्ये वेगळा काढला गेला.

तुमच्याकडे काय आहे ते दोन मिनिटांत कळतं. राऊटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी बघा. मग ब्राउझरमध्ये 'माझा आयपी काय' असं शोधून येणारा आयपीव्ही४ पत्ता बघा. दोन्ही सारखे असतील तर सार्वजनिक पत्ता तुमचा आहे, मग तो बदलता असो की कायमचा. वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ च्या मधला किंवा १० ने सुरू होणारा असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात. १९२.१६८ दिसला तर बहुधा घरातच दोन राऊटर एकामागे एक आहेत. सीजीनॅटमागे असताना राऊटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली हाक आतल्या ठरावीक उपकरणाकडे वळवणं) कितीही नीट केलं तरी बाहेरून कोणी आत येऊ शकत नाही, कारण हाक तुमच्या राऊटरपर्यंत पोचतच नाही. बदलत्या पत्त्याला कायमचं नाव देणाऱ्या डायनॅमिक डीएनएसचाही तिथे उपयोग नाही.

तुम्हाला परगावातून फक्त कॅमेरे बघायचे असतील तर यातलं काहीच लागत नाही. सध्याचे बहुतेक डीव्हीआर स्वतः आतून बाहेर जाऊन कंपनीच्या सर्व्हरला जोडले जातात आणि ॲप तिथेच भेटतं. सीजीनॅटचा त्याला अडथळा होत नाही. पैसे मोजून स्टॅटिक आयपी घेणं ज्यांना परवडतं आणि गरजेचं ठरतं ते लोक वेगळे: ऑफिसचा सर्व्हर ठरावीक पत्त्यावरूनच आत घेतो असे घरून काम करणारे, घरी स्वतःचा सर्व्हर चालवणारे, दुकानाची दुसरी शाखा थेट जोडणारे. त्यांनी घेताना कंपनीला एक प्रश्न नक्की विचारावा: हा पत्ता सार्वजनिक आहे ना, आणि तो थेट माझ्या राऊटरच्या वॅनवर दिसेल ना?

आणि तो घेतल्यावर डीव्हीआरचा पोर्ट सरळ इंटरनेटवर उघडू नका, म्हणजे बाहेरच्या कोणालाही थेट त्याच्यापर्यंत येता येईल असं करू नका. ही कळकळीची विनंती आहे. २०१६ मध्ये मिराई नावाच्या विषाणूने जगभरातले असेच उघडे, कारखान्याच्या पासवर्डवर चालणारे कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले आणि २१ ऑक्टोबरला त्यांच्या जोरावर डाइन (Dyn) या डीएनएस कंपनीवर हल्ला झाला. त्या दिवशी ट्विटरसारख्या मोठ्या साइट्स अनेकांना उघडत नव्हत्या. कायमचा पत्ता आणि उघडा पोर्ट हे दोन्ही एकत्र आले की तुमच्या अंगणाचं चित्र कोणा अनोळखी माणसाच्या पडद्यावर जायला वेळ लागत नाही. घरातल्या फायली बाहेरून हव्या असतील तर वायरगार्डसारखं व्हीपीएन, म्हणजे घरापर्यंतची सुरक्षित खासगी वाट, वापरा. सीजीनॅटमागे असाल तर टेलस्केल हे व्हीपीएन चालतं, त्याला सार्वजनिक पत्त्याची गरज नसते.

व्हीपीएनचा विचार असेल तर घरातले पत्ते १९२.१६८.१ वर ठेवू नका. तुम्ही ज्या हॉटेलातून किंवा नातेवाइकांच्या घरून जोडणार तिथेही बहुधा तेच पत्ते असतात. मग लॅपटॉपला १९२.१६८.१.२० म्हणजे इथला प्रिंटर की सांगलीचा, हे ठरवता येत नाही. राऊटरच्या लॅन पानावर तिसरा आकडा ४७ किंवा ८३ असा कमी वापरातला करा आणि रिझर्व्हेशन त्याच्या नंतर लिहा, आधी नाही.

वीज जाणं आपल्या हातात नाही, पण राऊटर आणि फायबरचा डबा बारा व्होल्टच्या छोट्या यूपीएसवर ठेवणं आहे. दोन्हींच्या ॲडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर बघून घ्या आणि तेवढा भार पेलणाराच यूपीएस आणा. थोड्या वेळासाठी वीज गेली तर राऊटर बंदच पडत नाही, यादी पुसली जात नाही.

राऊटरच्या सिस्टिम मेनूत 'बॅकअप' असेल तर सगळं लागल्यावर ती फाइल उतरवून ठेवा. नसेल तर रिझर्व्हेशनच्या पानाचा फोटो घरातल्या दोघांच्या फोनमध्ये ठेवा. कंपनीचा माणूस डबा बदलायला येतो तेव्हा तो जुना डबा सोबत घेऊन जातो, आणि तुमचे मॅक आणि पत्ते त्या डब्याबरोबरच जातात.